वाचकांचे प्रश्न : वरची कंपनी आणि खालची बँक

मागच्या अंकात होल्डिंग कंपनीचा, म्हणजे बँकेची मालक असलेल्या वरच्या कंपनीचा, ओझरता उल्लेख केला आणि पत्रांची रीघ लागली. जवळजवळ प्रत्येक पत्रात नाव एकच, बँक ऑफ अमेरिका. कुणाचं तिथे पगाराचं खातं आहे, कुणाचे शेअर आहेत, कुणाच्या घरातलं माणूस तिथे नोकरीला आहे. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ तिच्यासाठी राखून ठेवला.

माझी नोकरी कॅलिफोर्नियातल्या एका मध्यम आकाराच्या बँकेत, नियामक अहवाल खात्यात झाली. दर तिमाहीला आम्ही दोन वेगळे अहवाल पाठवायचो. एक बँकेचा, दुसरा बँकेची मालक असलेल्या होल्डिंग कंपनीचा. एकीचा आकडा दुसरीच्या रकान्यात गेला की रात्र जागून दुरुस्ती ठरलेली. त्यामुळे एक गोष्ट मला फार खटकते. कायद्याने ही दोन घरं वेगळी आहेत, पण ग्राहकाच्या मोबाइलवर दोन्हींचं बोधचिन्ह एक, रंग एक, पासवर्ड एक. फरक कळतो तो संकट आल्यावर.

शार्लट, नॉर्थ कॅरोलिनाहून एक वाचक लिहितात : ताई, नमस्कार. मुलीला इथल्या बँक ऑफ अमेरिकेच्या मुख्यालयात नोकरी लागली. इथले जुने लोक म्हणतात, ही आमची, शार्लटची बँक, ह्यू मॅकॉल यांनी वाढवलेली. सॅन होजेला राहणारा माझा मेहुणा म्हणतो, ती जियानिनींची, सॅन फ्रान्सिस्कोची. फोनवर दर वेळी हाच वाद. खरं कोणाचं?

उत्तर : दोघांचंही खरं आहे, आणि हे मी नातं सांभाळायला म्हणत नाही. कागदोपत्रीच तसं आहे. कंपनी शार्लटची, बँक सॅन फ्रान्सिस्कोची.

एफडीआयसी, म्हणजे ठेवींचा विमा उतरवणारी सरकारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर बँका शोधायची सोय आहे. तिथे बँक ऑफ अमेरिका शोधा. प्रमाणपत्र क्रमांक ३५१० आणि स्थापनेची तारीख १७ ऑक्टोबर १९०४ दिसेल. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच वस्तीत, आधी दारूचा गुत्ता असलेल्या जागेत, अमाडेओ पीटर जियानिनी यांनी बँक ऑफ इटली उघडली. पहिल्या दिवशी ८,७८० डॉलरच्या ठेवी जमल्या.

जियानिनी हे बँकवाल्यांच्या घराण्यातले नव्हते. जन्म १८७० चा, सॅन होजेचा, आईवडील इटलीतून आलेले. मजुरीच्या किरकोळ वादातून वडिलांचा खून झाला तेव्हा हा मुलगा सहा-सात वर्षांचा होता. पुढे सावत्र वडील लोरेंझो स्काटेना यांच्या भाजी-फळांच्या अडतीत तो वाढला आणि शाळा सोडून त्यातच उतरला. पहाटे धक्क्यावर शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा, कोण कसा माणूस आहे ते बोलण्यावरून ओळखायचं, यात तो तयार झाला. तिशी ओलांडताच धंद्यातला हिस्सा विकून मोकळा झाला. मग एका बचत-कर्ज संस्थेच्या संचालक मंडळावर गेला. तिथे त्याचं बाकीच्यांशी पटेना. त्याचं म्हणणं होतं की भाजीवाला, कोळी, बेकरीवाला यांनाही कर्ज द्या. संचालक ऐकेनात, म्हणून त्याने स्वतःची बँक काढली. त्या काळी बँकेने दारोदार जाऊन ठेवी मागणं कमीपणाचं मानत. हा माणूस रस्त्यात लोकांना थांबवून सांगे की गादीखालचे पैसे बँकेत आणा.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे भूकंप झाला. जियानिनी सॅन माटेओला राहत होते. वाट काढत शहरात पोचले तर आग बँकेच्या दिशेने सरकत होती. त्यांनी अडतीच्या घोडागाड्या मागवल्या, रोकड आणि वह्या त्यांत भरल्या, वर संत्र्यांची खोकी रचली, आणि लुटारूंच्या नजरेतून वाचवून ते सगळं घरी नेलं. शहरातल्या इतर बँकांच्या पोलादी तिजोऱ्या आगीने इतक्या तापल्या होत्या की त्या लगेच उघडणं धोक्याचं होतं, आतल्या नोटा पेट घेतील अशी भीती होती. त्या बँका थंड होण्याची वाट पाहत असताना जियानिनी यांनी धक्क्यावर दोन पिंपांवर फळी टाकली आणि घरं पुन्हा बांधायला कर्ज वाटायला सुरुवात केली. बँकेच्या धंद्यात मला आदर वाटतो तो या फळीबद्दल. तारण जळून गेलेलं, कागद जळालेले, उरला होता तो फक्त माणसाचा भरवसा.

१९०९ मध्ये सॅन होजेला शाखा निघाली आणि मग कॅलिफोर्नियाभर शाखा पसरल्या. आता कथेत कंपनी येते. १९२८ मध्ये जियानिनी यांनी ट्रान्सअमेरिका नावाची होल्डिंग कंपनी स्थापली. तिच्याकडे त्यांच्या बँकांची मालकी, शिवाय विमा आणि इतर उद्योग. बँकेला राज्याबाहेर शाखा काढायला बंदी होती, पण कंपनीला दुसऱ्या राज्यातल्या बँकेचे शेअर विकत घ्यायला कोण अडवणार? होल्डिंग कंपनीची मूळ खुबी ही. बँकेला जे करता येत नाही ते कंपनी करते. १९३० मध्ये बँक ऑफ इटलीचं नाव बँक ऑफ अमेरिका झालं. मधल्या मंदीत एलायशा वॉकर यांच्या हाती कारभार गेला होता आणि त्यांनी समूह मोडून विकायला काढला होता. जियानिनी परत आले, गावोगाव भागधारकांच्या सभा घेतल्या आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये मतांच्या जोरावर कंपनी परत मिळवली. त्याच वर्षी त्यांच्या बँकेने गोल्डन गेट पुलाचे ६० लाख डॉलरचे रोखे उचलायची तयारी दाखवली. १९४५ मध्ये ती जगातली सर्वांत मोठी बँक झाली. १९४९ मध्ये जियानिनी गेले तेव्हा त्यांची स्वतःची मालमत्ता ५ लाख डॉलरहूनही कमी होती.

त्यांच्याबद्दल एवढा आदर असूनही सांगते, ट्रान्सअमेरिकाला वेसण घालणं गरजेचं होतं. एकच कंपनी बँकही चालवणार, विमाही विकणार, कारखानेही बाळगणार, तर कर्ज कुणाला द्यायचं हे बँक ठरवणार की मालक? फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, मॅरिनर एकल्स हाच प्रश्न धरून बसले होते. गंमत म्हणजे ते स्वतः युटातल्या बँक होल्डिंग कंपनीतून आलेले, त्यामुळे आतली वाट त्यांना ठाऊक होती. १९४८ मध्ये फेडरल रिझर्व्हने ट्रान्सअमेरिकाविरुद्ध मक्तेदारीचा खटला उभा केला. पश्चिमेच्या पाच राज्यांतल्या बँका तिच्या मुठीत आहेत, हा आरोप होता. १९५३ मध्ये अपील न्यायालयात फेडरल रिझर्व्ह हरलं. जुन्या कायद्याने हे आवरत नाही हे दिसल्यावर संसदेने नवा कायदा केला, १९५६ चा बँक होल्डिंग कंपनी कायदा. दोन किंवा अधिक बँकांमध्ये २५ टक्के हिस्सा असेल ती कंपनी फेडरल रिझर्व्हच्या देखरेखीखाली आली. तिला बँकेखेरीज बाकीचे उद्योग सोडणं भाग पडलं. आणि दुसऱ्या राज्यातली बँक घ्यायची तर त्या राज्याने तसा कायदा केलेला असला पाहिजे, ही अट आली.

ट्रान्सअमेरिकाने विमा ठेवला आणि बँका वेगळ्या केल्या. बँक ऑफ अमेरिका त्यांत नव्हती, ती आधीच सुटी झाली होती. त्या बँकांची पुढे फर्स्ट इंटरस्टेट झाली, आणि १९८६ मध्ये, बँक ऑफ अमेरिका तोट्याने बेजार असताना, हीच फर्स्ट इंटरस्टेट तिला विकत घ्यायला निघाली. म्हणजे जियानिनी यांच्या एका लेकराने दुसऱ्याला मागणी घातली. ते जमलं नाही. १९९६ मध्ये फर्स्ट इंटरस्टेटच वेल्स फार्गोने गिळली.

आता तुमचं शार्लट. तिथली कमर्शियल नॅशनल बँक १८७४ ची. काही विलीनीकरणांनंतर १९६० मध्ये तिची नॉर्थ कॅरोलिना नॅशनल बँक, म्हणजे एनसीएनबी, झाली. १९५६ च्या कायद्यातली ती राज्याबाहेरची अट शार्लटच्या लोकांना सर्वांत जास्त टोचत होती. पण फ्लोरिडात त्यांची एक ट्रस्ट कंपनी जुन्या काळापासून होती. फ्लोरिडाने बाहेरच्यांना बंदी केली तेव्हा आधीपासून आलेल्यांना त्यातून वगळलं होतं. वकिलांनी ते कलम शोधलं, आणि १९८२ मध्ये एनसीएनबीने लेक सिटी नावाच्या छोट्या गावातली बँक घेतली. एवढीशी बँक, पण त्या फटीतून अख्ख्या फ्लोरिडात शिरकाव झाला. दक्षिणेतल्या राज्यांनी आपापसांत दारं उघडली आणि न्यूयॉर्कच्या बड्या बँकांना बाहेर ठेवलं. हे चालेल असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. मॅकॉल माजी मरीन, १९८३ मध्ये प्रमुख झालेले. त्यांनी १९८८ मध्ये टेक्सासची बुडालेली फर्स्ट रिपब्लिकबँक एफडीआयसीकडून घेतली, नंतर सीअँडएस/सोव्हरन ही दक्षिणेतली बँक घेऊन नाव नेशन्सबँक ठेवलं. १९९४ मध्ये राज्यांच्या भिंतीच कायद्याने पडल्या. १३ एप्रिल १९९८ रोजी नेशन्सबँक आणि बँकअमेरिका (बँक ऑफ अमेरिकेची तेव्हाची मालक कंपनी) यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली, ३० सप्टेंबरला ते पूर्ण झालं.

आणि इथे तुमच्या वादाचा निकाल आहे. वरच्या पातळीवर बँकअमेरिका कंपनी नेशन्सबँक कंपनीत विलीन झाली. उरली ती शार्लटची कंपनी, तिने नाव तेवढं घेतलं. खालच्या पातळीवर मात्र १९९९ मध्ये उलटं झालं. नेशन्सबँकेची बँक सॅन फ्रान्सिस्कोच्या बँकेत विलीन झाली आणि जियानिनी यांच्या बँकेची राष्ट्रीय सनद, म्हणजे बँक चालवायचा केंद्र सरकारचा परवाना, क्रमांक १३०४४, टिकली. मुलगी ज्या कंपनीचा शेअर घेईल ती मॅकॉल यांची. ज्या बँकेत तिचा पगार जमा होईल ती जियानिनी यांची. मेहुण्यांना हे जरूर वाचून दाखवा.

न्यू जर्सीहून एक दांपत्य लिहितं : आम्ही दोघं निवृत्त. बँक ऑफ अमेरिकेत दोघांचं संयुक्त खातं आहे, मेरिल या तिच्याच दलाल कंपनीत गुंतवणूक आहे. ॲपमध्ये दोन्ही एकाखाली एक दिसतात. सगळं मिळून रक्कम बरीच मोठी होते. सरकारी विमा कितीला? शिवाय ओळखीच्या एकाने बँक ऑफ अमेरिका कॉर्पोरेशनचे रोखे सुचवले आहेत. व्याज ठेवीपेक्षा जास्त आहे. "बँक तीच, मग भीती कसली?" असं तो म्हणतो. घ्यावेत का?

उत्तर : आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल. बँक तीच नाही. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना हे माहीत नसावं असं समजून मी राग आवरते.

तुमचं बँकेचं मासिक विवरणपत्र काढा. त्यावर बँक ऑफ अमेरिका, एन.ए. आणि जवळच मेंबर एफडीआयसी असं छापलेलं असतं. एन.ए. म्हणजे राष्ट्रीय सनद असलेली बँक, खालची बँक. आता मेरिलचं विवरणपत्र शेजारी ठेवा. त्यावर छोट्या चौकटी दिसतील. त्यांतला मजकूर असा : यांना एफडीआयसीचा विमा नाही, यांना बँकेची हमी नाही, यांची किंमत कमी होऊ शकते. अक्षर बारीक असतं, पण अख्ख्या कागदावर सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. ज्या रोख्यांचं नाव तुम्ही लिहिलंत ते या दुसऱ्या कुळातले.

विम्याचा हिशेब असा. एका बँकेत, एका माणसाला, मालकीच्या एका प्रकारासाठी २,५०,००० डॉलर. संयुक्त खात्यात दोघांचे मिळून ५,००,०००. निवृत्तीच्या आयआरए ठेवींना वेगळे २,५०,०००. वारस नेमलेलं खातं असेल तर त्याचा हिशेब आणखी वेगळा, एफडीआयसीच्या संकेतस्थळावरच्या गणकयंत्रात तो नीट काढता येतो. मेरिलमधल्या शेअर आणि रोख्यांना एसआयपीसीचं, म्हणजे दलाल कंपन्यांच्या ग्राहकांसाठीच्या संस्थेचं, संरक्षण असतं, ५,००,००० डॉलरपर्यंत, त्यातले रोख रकमेसाठी २,५०,०००. पण ते दलाल कंपनी बुडाली आणि तुमचे कागद सापडेनात तर. भाव पडला तर कुणीही भरून देत नाही.

एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मेरिलच्या खात्यात पडून असलेली रोकड बऱ्याचदा आपोआप बँक ऑफ अमेरिका, एन.ए. मध्ये ठेव म्हणून वळवली जाते. तिला विमा मिळतो, हे चांगलंच. पण मालकीचा प्रकार एकच असेल तर ती तुमच्या बँकेतल्या रकमेत मिळवली जाते, आणि मर्यादा तुमच्या नकळत ओलांडली जाऊ शकते. दोन्ही विवरणपत्रं समोर ठेवून एकदा बेरीज कराच.

आता ते रोखे. २००८ सालचं वॉशिंग्टन म्युच्युअल आठवून पाहा. सुमारे ३०० अब्ज डॉलरची बँक. २५ सप्टेंबर, गुरुवारी रात्री सरकारने बँक ताब्यात घेतली आणि जेपीमॉर्गन चेसला १.९ अब्ज डॉलरला विकली. शुक्रवारी सकाळी शाखा नेहमीसारख्या उघडल्या, एकाही ठेवीदाराचा सेंट गेला नाही. त्याच शुक्रवारी वरची कंपनी, वॉशिंग्टन म्युच्युअल इन्कॉर्पोरेटेड, दिवाळखोरी न्यायालयात गेली. तिचे भागधारक आणि रोखेधारक वर्षानुवर्षं वकिलांच्या मागे फिरले. २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेचं तेच झालं. १० मार्चला बँक सरकारने बंद केली, दोन दिवसांत सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर झालं, आणि १७ मार्चला वरची एसव्हीबी फायनान्शिअल ग्रुप दिवाळखोरीत गेली.

हे चुकून घडत नाही. २००८ नंतर नियमच तसे बेतले आहेत. मोठ्या बँकसमूहांना होल्डिंग कंपनीच्या पातळीवर दीर्घ मुदतीचे ठरावीक रोखे ठेवावेच लागतात. समूह अडचणीत आला तर खालची बँक चालू राहावी आणि तोटा या रोख्यांनी सोसावा, यासाठी. म्हणजे तुम्हाला सुचवलेल्या रोख्याचं कामच तोटा झेलणं आहे, आणि जास्तीचं व्याज हा त्या कामाचा मोबदला. बँक ऑफ अमेरिका कॉर्पोरेशन आज दुबळी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. थोडे पैसे, समजून उमजून, मुदतीपर्यंत ठेवायच्या तयारीने घातलेत तर हरकत नाही. पण ज्या पैशावर घरखर्च चालतो तो तिथे नको. आणि ठेवीच्या जागी तर नकोच.

डॅलसहून एक वाचक लिहितात : २००७ मध्ये नोकरीच्या निवृत्ती योजनेतून बँक ऑफ अमेरिकेचे शेअर घेतले होते. तेव्हा भाव ५० च्या आसपास आणि लाभांश भरघोस. त्यानंतर जे झालं ते तुम्ही जाणताच. कंपनी नफ्यात आली तरी माझे शेअर कित्येक वर्षं सावरले का नाहीत?

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. त्या काळात माझ्या ओळखीतल्या किती जणांनी निवृत्तीच्या तारखा पुढे ढकलल्या.

खालच्या बँकेने स्वतः दिलेल्या कर्जांपेक्षा वरच्या कंपनीच्या खरेद्यांनी तुम्हाला जास्त मारलं. जानेवारी २००८ मध्ये, गृहकर्जांचा बाजार कोसळत असताना, तेव्हाचे प्रमुख केनेथ लुइस यांनी कंट्रीवाइड ही गृहकर्ज कंपनी घ्यायची घोषणा केली, सुमारे ४ अब्ज डॉलरचे शेअर देऊन. स्वस्तात मिळाली असं तेव्हा वाटलं. मग १५ सप्टेंबरला, लेहमन ही गुंतवणूक बँक बुडाली त्याच दिवशी, मेरिल लिंच, ५० अब्जांना, तीही शेअरमध्ये. मेरिलचा तोटा अंदाजापलीकडे निघाला आणि जानेवारी २००९ मध्ये सरकारने आणखी २० अब्ज घातले. सरकारची एकूण मदत ४५ अब्ज डॉलर. ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परत केली. पण कंट्रीवाइडचं बिल पुढेही येतच राहिलं. ऑगस्ट २०१४ मध्ये न्याय खात्याशी झालेला समझोता एकटाच १६.६५ अब्जांचा होता, त्यात मेरिल आणि बँकेची स्वतःची प्रकरणंही होती. ४ अब्जांच्या खरेदीला ही शेपूट! गृहकर्ज घेणाऱ्यांना फसवून दिलेल्या कर्जांचा ढीग विकत घेताना कागद तपासले नव्हते की तपासूनही घेतला, हा प्रश्न मला आजही सतावतो.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एका आकड्यात आहे, आणि तो भावाच्या तक्त्यात दिसत नाही. २००७ च्या अखेरीस कंपनीचे शेअर सुमारे साडेचार अब्ज होते. खरेद्यांसाठी आणि भांडवल उभं करण्यासाठी इतके नवे शेअर काढले की २०११ पर्यंत ते साडेदहा अब्जांवर गेले. नफा पूर्वीइतका झाला तरी तो दुपटीहून जास्त वाट्यांत विभागला जाणार. नंतर कंपनीने शेअर परत विकत घ्यायला सुरुवात केली. २०२३ अखेर ते आठ अब्जांच्या खाली आले, पण तेवढ्याला दशक गेलं. लाभांशाचीही तीच गत. २००८ मध्ये तिमाहीला ६४ सेंट होता, आधी निम्मा झाला, मग जानेवारी २००९ मध्ये एक सेंट. तो एक सेंट ऑगस्ट २०१४ पर्यंत तसाच राहिला, तेव्हा ५ सेंट झाला.

मधे २०११ मध्ये गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी ५ अब्ज डॉलर घातले. त्यांना मिळालेल्या अटी बघा : ६ टक्के लाभांशाचे प्राधान्य शेअर, शिवाय ७.१४ डॉलरच्या भावाने ७० कोटी साधे शेअर घेण्याचा हक्क, जो त्यांनी २०१७ मध्ये वापरला. साध्या भागधारकाला अशा अटी कोणी देत नाही. नोकरी, पगार आणि निवृत्तीची पुंजी एकाच कंपनीवर, किंवा एकाच क्षेत्रावरही, टांगून ठेवू नका, हे मी तुमच्या पिढीला नाही तर तुमच्या मुलांना सांगेन. तुम्ही ते भोगलं आहेच.

सिअॅटलहून एक वाचिका विचारतात : बँक ऑफ अमेरिकेला रोख्यांवर १०० अब्जांहून जास्त तोटा झाला असं २०२३ मध्ये वाचलं. मग ती सिलिकॉन व्हॅली बँकेसारखी बुडाली कशी नाही?

उत्तर : आकडा खरा आहे. सप्टेंबर २०२३ अखेर तो १३१.६ अब्ज डॉलर होता. २०२० आणि २०२१ मध्ये ठेवींचा महापूर आला. व्याजदर तळाला असताना बँकेने तो पैसा सरकारी आणि गृहकर्जांच्या हमीच्या लांब मुदतीच्या रोख्यांत घातला. मग दर चढले आणि त्या रोख्यांचा बाजारभाव पडला. पण रोखे मुदतीपर्यंत ठेवले तर पैसे पूर्ण परत येतात. तोटा प्रत्यक्षात कधी होतो? ठेवीदार एकदम पैसे मागायला आले आणि रोखे विकावे लागले तर. सिलिकॉन व्हॅली बँकेचे ठेवीदार मोजके, मोठे आणि एकमेकांना ओळखणारे होते, बहुतेक रक्कम विम्याच्या मर्यादेबाहेर. बँक ऑफ अमेरिकेकडे कोट्यवधी घरांची पगाराची खाती आहेत. ती जागची हलली नाहीत.

यात मला डाचणारी बाजू वेगळी आहे. ती खाती हलत नाहीत म्हणून त्यांना व्याज देण्याची गरज बँकेला वाटत नाही. २०२३ मध्ये फेडरल रिझर्व्हचा दर ५ टक्क्यांच्या वर असताना तिच्या साध्या बचत खात्यावर ०.०१ टक्का मिळत होता. १०,००० डॉलरवर वर्षाला एक डॉलर! रोख्यांची ती चूक तुमच्या न मिळालेल्या व्याजातून हळूहळू भरून निघते. पगार आणि बिलं यांपुरते पैसे तिथे ठेवा. बाकीचे चांगलं व्याज देणाऱ्या, एफडीआयसीचा विमा असलेल्या दुसऱ्या बँकेत हलवा. यात आळस करू नका.

एका वाचकाचा ओझरता प्रश्न : एवढी मोठी कंपनी, मग ती अजून बँका का विकत घेत नाही?

उत्तर : १९९४ च्या कायद्याने मनाई आहे. देशातल्या एकूण ठेवींपैकी १० टक्क्यांहून जास्त ठेवी खरेदीमुळे एका समूहाकडे जात असतील तर परवानगी मिळत नाही. बँक ऑफ अमेरिकेने ती रेषा केव्हाच ओलांडली. बुडत्या बँकेसाठी अपवाद आहे. स्वतःच्या बळावर ठेवी वाढवायला मात्र मर्यादा नाही.

ओहायोतली एक विद्यार्थिनी विचारते : मला बँकिंगमध्ये अभ्यास करायचा आहे. वरची कंपनी आणि खालची बँक वेगळी वाचायची तर कुठून सुरू करू?

उत्तर : हे पत्र वाचून मला सर्वांत आनंद झाला, बाळा. सगळं फुकट आणि उघड आहे. फेडरल रिझर्व्हच्या नॅशनल इन्फर्मेशन सेंटरच्या संकेतस्थळावर प्रत्येक संस्थेला ओळख क्रमांक असतो. कंपनीचा १०७३७५७, बँकेचा ४८०२२८. पहिल्या क्रमांकाने वाय-नाइन-सी हा अहवाल काढ, तो कंपनीचा. दुसऱ्याने कॉल रिपोर्ट काढ, तो बँकेचा. एकाच तिमाहीचे दोन्ही शेजारी ठेव आणि एकूण मालमत्तेची ओळ बघ. कंपनीचा आकडा ३ लाख कोटी डॉलरच्या वर असेल, बँकेचा त्याहून कमी. मधला फरक मुख्यतः मेरिल आणि इतर उपकंपन्यांचा.

मग कंपनीचा वार्षिक अहवाल उघड आणि मागच्या टिपांमध्ये मूळ कंपनीची स्वतंत्र माहिती शोध. दोन-तीन छोटे तक्ते आहेत, बहुतेक वाचक तिथपर्यंत पोचतच नाहीत. तिथे दिसेल की एकट्या मूळ कंपनीचं उत्पन्न म्हणजे प्रामुख्याने खालून वर आलेला लाभांश. तो एनबी होल्डिंग्ज कॉर्पोरेशन या मधल्या कंपनीतून कसा येतो, आणि मूळ कंपनीच्या डोक्यावर किती दीर्घ मुदतीचं कर्ज आहे, हे दोन आकडे लिहून काढ. अडलीस तर पुढच्या अंकासाठी पत्र पाठव, आकड्यांसकट पाठव.